हिरवा चहा कडू कोणी केला?

ऑफिसच्या पँट्रीत उकळत्या पाण्याच्या मगमध्ये ग्रीन टीची पिशवी सोडायची, ती तशीच ठेवून मीटिंगला जायचं आणि अर्ध्या तासाने काढा प्यायल्यासारखं तोंड करून ते पाणी संपवायचं, असे लोक तुम्ही पाहिले असतीलच. कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल. :) "चव काय बघायची, तब्येतीसाठी घेतोय," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला हे उत्तर कधी पटलं नाही. चीन-जपानातली माणसं हजार-बाराशे वर्षं एखादी गोष्ट रोज पितात, तिच्यावर कविता करतात, तिच्यासाठी खास भांडी घडवतात, ती काय नुसती वजन उतरावं म्हणून?

म्हणून शनिवार-रविवारी घरी वेगवेगळे हिरवे चहा करून बघायला लागलो आणि सोबत वाचायलाही लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की पाकिटावरच्या त्या '८० अंश, २ मिनिटं' वगैरे सूचना म्हणजे जुना लेगसी कोड आहे. वाचताना विचित्र वाटतो, पण प्रत्येक ओळीमागे कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय कळला की कृती पाठ करावी लागत नाही. आजचा लेख अशा काही निर्णयांबद्दल. आणि आपल्याकडे चहाची एकच कृती का उरली, त्याबद्दलही.

आधी थोडं रसायनशास्त्र

हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा. फरक खुडल्यानंतर पडतो. पान खुडून, चुरगाळून तसंच ठेवलं की हवेतल्या ऑक्सिजनने ते काळं पडतं, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं. तो झाला आपला नेहमीचा चहा. पान काळं पडायच्या आत त्याला चांगली उष्णता दिली, की काळं करणारी एन्झाइम्स निकामी होतात आणि पान हिरवं राहतं. ही उष्णता द्यायच्या मुख्य पद्धती दोन: वाफ देणे किंवा गरम कढईत परतणे.

हिरव्या पानात आपल्या कामाचे तीन पदार्थ असतात. कॅटेचिन (तुरटपणा), कॅफीन (कडवटपणा) आणि थिआनिन नावाचं अमिनो आम्ल (गोडसर, डाळीच्या कटासारखी भरीव चव). पैकी थिआनिन कोमट पाण्यातही सहज उतरतं. कॅटेचिन आणि कॅफीन मात्र पाणी जितकं गरम तितकं भराभर बाहेर येतं. म्हणजे पाण्याचं तापमान हे चवीचं बटण आहे. उकळतं पाणी ओतलंत की कडू-तुरट बटण पूर्ण पिळलंत. हिरव्या चहाच्या कडूपणाचं रहस्य बहुतांशी एवढंच. पिशवीतला चुरा बारीक असतो, तो तर आणखी लवकर सगळं सोडून देतो.

आता इतिहास.

लू यू आणि माशाचे डोळे

आठव्या शतकात, तांग राजवटीत, लू यू नावाच्या माणसाने 'चाजिंग' लिहिलं. चहा या एकाच विषयाला वाहिलेला हा पहिला मोठा ग्रंथ. त्या काळी पानं वाफवून, कुटून, त्यांच्या वड्या थापून वाळवत. पिताना वडी भाजायची, कुटून पूड करायची आणि पाण्यात शिजवायची. लोक त्यात कांद्याची पात, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना असलं काय काय घालून खळाखळा उकळत. लू यूला याचा भयंकर राग. असला चहा म्हणजे गटारात ओतून द्यायचं पाणी, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. आपला आलं-वेलची-गवती चहा घातलेला कटिंग त्याला दाखवला असता तर काय झालं असतं, कल्पना करा! (मीठ मात्र तो स्वतः घालायचा. शुद्धतावाद्यांचं हे असंच असतं.)

पण त्याची खरी देणगी म्हणजे थर्मामीटर नसताना तापमान ओळखायची रीत. बुडबुडे माशाच्या डोळ्यांएवढे दिसले आणि बारीक आवाज आला की पहिली उकळी. कडेने मोत्यांच्या सरीसारखे वर येऊ लागले की दुसरी. लाटा उसळल्या की तिसरी, त्यापुढे पाणी 'म्हातारं' होतं. मीठ पहिल्या उकळीला, चहा दुसऱ्या उकळीला. मी आजही गॅससमोर उभा राहून माशाचे डोळे शोधतो. त्यासाठी झाकण नसलेलं उथळ पातेलं बरं. इलेक्ट्रिक किटलीत काही दिसत नाही.

सम्राट, भिक्षू आणि हँगओव्हर

सोंग काळात पद्धत बदलली. चहाची मैद्यासारखी पूड वाडग्यात घ्यायची, गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळायचं. सम्राट ह्वीझोंगने ११०७ च्या सुमारास स्वतः चहावर ग्रंथ लिहिला. फेस कसा असावा, वाडगा कोणत्या रंगाचा हवा, इतक्या बारकाईने. राज्याकडे मात्र तेवढ्या बारकाईने बघितलं नसावं. ११२७ मध्ये उत्तरेच्या जुर्चेन लोकांनी त्याला पकडून नेलं आणि तो कैदेतच मेला.

याच शतकात एइसाई नावाचा जपानी बौद्ध भिक्षू चीनमध्ये शिकून ११९१ मध्ये परतला, तो चहाचं बी आणि ही घुसळायची रीत घेऊन. पुढे त्याने चहा पिऊन आयुष्य कसं जपावं यावर पुस्तक लिहिलं. १२१४ मध्ये तरुण शोगुन मिनामोतो सानेतोमोला आदल्या रात्रीच्या दारूचा त्रास होत होता, तेव्हा एइसाईने त्याला औषध म्हणून एक वाडगा चहा दिला आणि सोबत चहाची महती सांगणारं पुस्तकही. म्हणजे 'तब्येतीसाठी घेतोय' ही सबब आठशे वर्षं जुनी आहे. पण जपानी लोक औषधापाशी थांबले नाहीत. पुढच्या चारशे वर्षांत त्याच वाडग्याभोवती त्यांनी सगळा चहाविधी उभा केला.

तोच आजचा माचा. घरी करायचा तर २ ग्रॅम पूड (एक लहान चमचा) चाळून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ८० अंशांच्या आसपासचं ७० मिली पाणी ओता आणि मनगट सैल ठेवून भराभर घुसळा. पूड आपण पूर्णच पितो, गाळणं नाही, त्यामुळे जुनी, पिवळट पडलेली पूड इथे लगेच पकडली जाते.

१३९१: एका फर्मानाने बदललेला पेला

माझ्या मते चहाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी तारीख ही. आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

सोंग दरबाराला नजराणा म्हणून फुजियानमधून चहाच्या वड्या जात, वर ड्रॅगन-फिनिक्सचे ठसे उमटवलेल्या. त्या करायचं काम अतोनात मेहनतीचं. कोवळे कोंब वाफवा, दाबून रस काढा, पाणी घालत घालत वाटत बसा, साच्यात घाला, मंद आचेवर वाळवा. कोणासाठी? तर राजधानीत बसून फेस मोजणाऱ्यांसाठी. ही प्रथा पुढेही चालू राहिली.

मग गादीवर आला मिंग राजवटीचा पहिला सम्राट होंगवू. हा जन्माने गरीब शेतकऱ्याचा पोर. दुष्काळात आणि साथीत आईवडील गेले, मठात राहिला, भीक मागत फिरला. या माणसाने १३९१ मध्ये हुकूम काढला: वड्या बंद. लोकांवरचा भार कमी करा, नुसते वाळवलेले कोंब पाठवा.

एका ओळीचा बदल, पण सगळी सिस्टीम हलली. वडी नाही म्हणजे पूड नाही, पूड नाही म्हणजे घुसळणी नाही. सुटं पान आलं, मग ते गरम पाण्यात मुरवायची रीत घरोघरी गेली, मुरवायला किटली आली. वाफेऐवजी कढईत परतायची पद्धत पुढे सरसावली, कारण सुट्या पानाला तिने खमंग वास येतो. चीनमध्ये घुसळलेला चहा हळूहळू विसरला गेला. जपानने मात्र आधीच फोर्क करून घेतलेलं जुनं व्हर्जन तसंच जपलं. आज माचा म्हटलं की जपान आठवतं, त्यामागे हे कारण आहे.

हांगझोऊच्या पश्चिम सरोवराजवळचा लोंगजिंग (अर्थ: 'ड्रॅगनची विहीर') हा या कढई-परंपरेचा मानकरी. कारागीर गरम कढईत नुसत्या हाताने पानं दाबत परततात, म्हणून ती चपटी होतात आणि त्यांना भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो. आपल्याला भाजक्या शेंगदाण्याची आठवण होईल. एप्रिलच्या सुरुवातीला चिंगमिंग सण येतो, त्याच्या आधी खुडलेली पानं सगळ्यात महाग.

कृती अगदी सोपी. साधा काचेचा ग्लास, ३ ग्रॅम पानं, ८० अंशांचं पाणी २०० मिली. दोन-तीन मिनिटांनी प्यायला लागा. गाळायचं नाही, पानं तळाशी बसतात. ग्लास एक तृतीयांश उरला की परत पाणी घाला. असं तीनदा चालतं. ताई सरोवराकाठचा बीलोचुन फारच कोवळा असतो, त्यासाठी आधी पाणी आणि वरून पानं. आणि गोळ्यांसारखा वळलेला गनपावडर चांगला टणक, तो थोडं जास्त गरम पाणी सहन करतो. मोरोक्कोत तोच पुदिना आणि भरपूर साखर घालून पितात. लू यूने तिथेही कपाळावर हात मारून घेतला असता.

नागातानी सोएनची पंधरा वर्षं

जपानात माचा होता, पण कोणासाठी? सामुराई, मठ आणि श्रीमंत लोकांसाठी. मळ्यावर आच्छादन घालून सावलीत चहा वाढवायची परवानगीही उजी गावच्या ठराविक लोकांनाच. बाकी जनता जून पानांचा तपकिरी, उकळलेला चहा पीत होती. १६५४ मध्ये इंगेन नावाचा चिनी भिक्षू नागासाकीला उतरला आणि त्याच्याबरोबर सुटं पान मुरवायची मिंग रीत आली. पण त्या रीतीला साजेसं पान जपानकडे नव्हतं.

ते बनवलं उजीजवळच्या युयादानी गावच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने. सावलीची परवानगी नाही? ठीक आहे, उन्हातलंच पान घेऊ, पण फक्त कोवळं. ते वाफवायचं आणि मंद आचेवर हाताने मळत मळत वाळवायचं. सुमारे पंधरा वर्षं खटपट केल्यावर १७३८ मध्ये त्याला हवा तसा, सुईसारख्या पानांचा, हिरव्या रंगाचा चहा साधला. तो घेऊन सोएन एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला. तिथे यामामोतो काहेई या चहाच्या व्यापाऱ्याने तो विकायला घेतला आणि लोकांनी उचलून धरला. हाच सेंचा. जपानात आजही घरोघरी मुख्यतः हाच पितात.

मला ही गोष्ट फार आवडते. बंदी होती म्हणून नवीन वाट शोधली, आणि ती वाट राजमार्गापेक्षा रुंद निघाली.

याच यामामोतो घराण्याच्या सहाव्या काहेईच्या नावावर १८३५ चा ग्योकुरो आहे. सेंचाचीच पद्धत, पण पान सावलीतलं. खुडणीआधी साधारण वीस दिवस मळा झाकतात. ऊन लागलं की पानातल्या थिआनिनचं कॅटेचिन होतं. सावलीत ते रूपांतर मंदावतं, म्हणून तुरटपणा कमी आणि गोडी जास्त. शेतकऱ्यांना हे जिभेने कळलं होतं. शास्त्रज्ञांनी थिआनिन वेगळं केलं १९४९ मध्ये, तेही ग्योकुरोच्याच पानांतून.

सेंचाला ७० ते ८० अंश आणि एक मिनिट. दुसऱ्या वेळी १५ सेकंद पुरे, पान आता उमललेलं असतं. ग्योकुरोला ५० ते ६० अंशच, पानं भरपूर (८ ग्रॅमला ८० मिली) आणि दोन मिनिटं. हाती येतात दोन-चार घोट, पण तोंडात बराच वेळ राहतात. उलट होजिचा (भाजलेली पानं-देठं) आणि गेनमाइचा (भाजलेला तांदूळ घातलेला) हे साधे, काटकसरीतून आलेले चहा. त्यांना गरमागरम पाणी चालतं. घरात कोणाला हिरवा चहा अजिबात आवडत नसेल तर गेनमाइचापासून सुरुवात करा. कुरमुऱ्यांचा वास ओळखीचा वाटतो.

मग आपल्याकडे काय झालं?

आता जरा पश्चिमेकडे. युरोपला चहा मिळाला तो चीनच्या कँटन बंदरातून, आणि त्यात हिरवाही भरपूर होता. बॉस्टनला १७७३ मध्ये समुद्रात फेकलेल्या ३४० पेट्यांपैकी ७५ हिरव्या चहाच्या होत्या. चीनला मोबदला चांदीत हवा. इंग्रजांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे अफू. बंगालची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची मुंबईहून कँटनला जायची. आपल्या जे. जे. हॉस्पिटलचे आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातली, कापूस आणि अफूची. म्हणजे मुंबई चहा प्यायला लागायच्या कितीतरी आधी दुसऱ्यांच्या चहाची किंमत चुकवत होती.

१८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतितज्ज्ञाला चिनी वेशात चहाच्या प्रदेशात पाठवलं. त्याने रोपं आणि कारागीर हिमालयात पोचवले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. निर्यातीच्या हिरव्या चहाला रंग उजळावा म्हणून कामगार प्रशियन ब्लू आणि जिप्सम चोळत होते, त्यांचे हात निळे झालेले. परदेशी गिऱ्हाइकाला रंग आवडतो म्हणून! १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे रंग मांडले गेले. आधीच भेसळीच्या बातम्यांनी धास्तावलेल्या इंग्रजांचा हिरव्या चहावरचा विश्वास उडत गेला. त्याच वेळी आसामचा काळा चहा येत होता, ब्रिटिश मळ्यातला, पुढे यंत्रावर केलेला, 'शुद्ध' म्हणून जाहिरात झालेला. बाजी त्याने मारली.

विसाव्या शतकात चहावाल्यांनी भारतातच गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे विकायला काळाच चहा होता. १९३० च्या दशकात सीटीसी यंत्र आलं, त्याच्या बारीक दाण्यांतून थोडक्यात कडक चहा निघतो. तो उकळायचाच असतो, कारण दूध आणि साखरेला पुरून उरायला तेवढा कडकपणा लागतो. ही कृती तिच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे, माझी सकाळही तिच्यावरच चालते. फक्त आपण तीच कृती हिरव्या पानाला लावतो.

पण भारतात हिरवा चहा नव्हताच असं नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १८४९ मध्ये चिनी जातीची रोपं लागली. तिथला हिरवा चहा अमृतसरच्या बाजारातून काश्मीर, अफगाणिस्तान आणि मध्य आशियाकडे जायचा. काश्मीरचा कहवा आणि गुलाबी नून चहा हिरव्या पानाचाच. मग ४ एप्रिल १९०५ ला भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसं गेली, कारखाने कोसळले, बहुतेक ब्रिटिश मळेवाले विकून निघून गेले. मळे छोट्या स्थानिक शेतकऱ्यांकडे आले. १९४७ नंतर अमृतसरच्या पलीकडचा रस्ताही पूर्वीसारखा राहिला नाही. कांगडा चहाला २००५ मध्ये भारतात भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्यातल्या कितीजणांच्या स्वयंपाकघरात तो असतो?

मला खरं वाईट वाटतं ते इथे. आपल्याच देशात पावणेदोनशे वर्षं चहा पिकवणारं खोरं आहे आणि आपण 'फॅट बर्नर' छापलेली पिशवी उकळून, नाक दाबून पितो. एखादी गोष्ट औषध म्हणून विकली की तिची चव कशी आहे हे कोणी विचारत नाही. आणि चव कोणी विचारत नसेल तर चांगला चहा करणाऱ्याला चांगला भाव कोण देणार?

या शनिवारी

फार सामान लागत नाही. सुट्या पानांचा कुठलाही एक चहा आणा, कांगड्याचा मिळाला तर उत्तम. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका कपातून दुसऱ्यात ओतलं की प्रत्येक वेळी साधारण १० अंश उतरतं. दोनदा ओतलंत की झालं ८० च्या आसपास. पाणी बोअरचं किंवा टँकरचं जड असेल तर चहा मठ्ठ लागतो, त्यासाठी गोडं पाणी वापरा. पानं हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच, आणि मसाल्याच्या डब्याशेजारी कधीही नको. उन्हाळ्यात गॅससुद्धा नको: लिटरभर थंड पाण्यात १० ग्रॅम सेंचा टाकून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा. कडूपणा जवळजवळ उतरतच नाही.

आणि एक प्रयोग जरूर करा. एकाच पानाचे दोन कप, एक उकळत्या पाण्याचा आणि एक दोनदा ओतून निववलेल्या पाण्याचा, दोन्ही दोनच मिनिटं. शेजारी ठेवून चाखा. हिरवा चहा कडू कोणी केला, त्याचं उत्तर पहिल्या कपात मिळेल. दुसरा कप सावकाश प्या.